लेखांक 7 : चिठ्ठी गावाच्या नावाची

औषधाच्या चाचणीत रुग्णागणिक चिठ्ठी कशी टाकतात ते गेल्या आठवड्यात पाहिलं. तीच रीत जिंतूर तालुक्यातल्या बोरीत लावून पाहू. समजा, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी द्यायची आहे. चिठ्ठीत थोरल्या जावेचं नाव निघालं, धाकटीचं नाही. आशाताईंनी एकाच उंबऱ्यात उभं राहून एकीला चला म्हणायचं अन् दुसरीला राहू द्या? धाकटी सकाळी थोरलीबरोबर शिबिरात हजर होणार, नाहीतर थोरलीही घरीच बसणार. दोन्हीकडून हिशेब बिघडला. शिवाय दवंडी, शिबिर, नमुने नेणारी गाडी हे सगळं गावासाठी असतं, एकट्या बाईसाठी नाही. म्हणून चिठ्ठी गावाच्या नावानं टाकायची.

मराठवाड्यात हे घडलेलं आहे. 1999 साली तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्यों इथली कर्करोग संशोधन संस्था यांनी गावांचे 52 गट पाडले. त्यांतल्या 30 ते 59 वयाच्या बायका 1,31,746. चिठ्ठ्या टाकून तेरा-तेरा गटांचे चार भाग केले. एका भागाला एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्याला पॅप म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, तिसऱ्याला ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, चौथ्याला नेहमीची सरकारी सेवा.

सव्वा लाखाचा आकडा पाहून दबून जाऊ नका. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण एकाच पातेल्यातली अडीच हजार शितं चाचपली तरी शेजारच्या पातेल्याचं काही कळत नाही. एका गावातल्या बायकांचं लग्नाचं वय, दवाखान्याचं अंतर, हातात पैसा असण्या-नसण्याचे महिने बरेचसे सारखेच. त्याची किंमत मोजावी लागते. एका गटातल्या बायका एकमेकींशी किती सारख्या, हे सांगणारा आकडा म्हणजे साधर्म्य. गटातल्या संख्येतून एक वजा करा, साधर्म्यानं गुणा, एक मिळवा; आलेल्या उत्तरानं एकूण संख्येला भागा. साधर्म्य समजुतीपुरतं हजारात एक धरलं, तरी सरासरी अडीच हजार बायकांच्या गटाला उत्तर येतं साडेतीन. म्हणजे सव्वा लाखावर बायकांचा पुरावा जेमतेम 37-38 हजारांच्या तोलाचा! प्रत्येक गटात आणखी बायका घेऊन हे फारसं भरून निघत नाही, गट वाढवावे लागतात. एका गावात योजना राबवायची, शेजारचं तुलनेला घ्यायचं आणि अहवालात ‘प्रभाव सिद्ध’ लिहायचं, ही आपल्याकडची आवडती पद्धत म्हणूनच कुचकामी आहे. फरक योजनेमुळे पडला की गावामुळे, हे दोन गावांत कळूच शकत नाही.

निकाल 2009 साली आला. एचपीव्ही तपासणीच्या भागात 34,126 बायकांपैकी या कर्करोगानं 34 दगावल्या, तुलनेच्या, म्हणजे चौथ्या भागात 31,488 पैकी 64. पॅप आणि पाहणीच्या भागांत मृत्यू ठळकपणे कमी झालेले दिसले नाहीत.

तपासणीविना ठेवलेल्या त्या चौथ्या भागावरून पुढे बराच वाद झाला, आणि तो रास्तच होता. जिल्ह्यात तपासणी मुळातच मिळत नव्हती, हा बचावाचा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही. संमतीचा प्रश्नही आहेच. गटवार चाचण्यांच्या नीतिनियमांचं ऑटावा निवेदन 2012 साली आलं. गावाच्या कारभाऱ्यांची परवानगी घेतली तरी ती माणसाच्या स्वतःच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. सरपंचांची सही चालणार नाही.

कुणालाच वंचित न ठेवता सगळ्या गावांना पाळीपाळीनं सेवा द्यायची आणि चिठ्ठीनं फक्त क्रम ठरवायचा, अशीही एक रीत आहे. ती पुढच्या आठवड्यात पाहू.