खाचराच्या उंचीनुसार निवडा भाताचा वाण

कोकणात खाडीकाठी जमिनीची उंची थोडी बदलली, की कांदळवनातील झाडेही बदलतात. कारण भरतीचे पाणी कुठे किती वेळ थांबते, हे उंचीवर ठरते. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील भातशेतीलाही हाच नियम लागू होतो. येथे भरती नाही, पण डोंगरउतारावरून उतरणारे पावसाचे पाणी आहे.

उतारावरील पिकांची रचना

माथ्यालगतच्या उथळ, मुरमाड वरकस जमिनीत पाणी थांबत नाही. तेथे नाचणी, वरई, खुरासणी ही पिके येतात. त्याखाली टप्प्याटप्प्याने भातखाचरे असतात. वरच्या खाचरातील पाणी आणि बारीक माती झिरपत, वाहत खालच्या खाचरात येते. त्यामुळे ओढ्यालगतच्या खाचरात माती खोल असते आणि ओल जास्त दिवस टिकते.

नुकसान कुठे होते?

अनेक शेतकरी सर्व खाचरांत एकच वाण लावतात. इंद्रायणी हा वाण साधारण 135 ते 140 दिवसांत तयार होतो. 15 जूनच्या सुमारास पेरल्यास तो ऑक्टोबरच्या सुरुवातीला फुलोऱ्यात येतो. नेमका त्याच वेळी पाऊस परततो. खालच्या खाचरात ओल असल्याने दाणा भरतो, मात्र वरच्या खाचरात पाण्याचा ताण पडून पळींजाचे प्रमाण वाढते. 115 दिवसांचा हळवा वाण सप्टेंबरमध्येच फुलोऱ्यात येतो, त्यामुळे या ताणातून वाचतो.

काय करावे?

• पावसाची उघडीप मिळाल्यावर प्रत्येक खाचरात पाणी किती दिवस टिकते, याची नोंद ठेवावी.
• वरच्या खाचरात हळवे, मधल्या खाचरात निमगरवे आणि खालच्या खाचरात गरवे वाण घ्यावेत.
• खेकड्यांची बिळे बुजवून बांध पक्के करावेत. सांडीची उंची योग्य ठेवावी.
• वरच्या खाचरात युरिया फोकून दिल्यास तो पाण्याबरोबर वाहून जातो. चारसूत्री पद्धतीने लावणी करून चार चुडांच्या मधोमध 2.7 ग्रॅम वजनाची युरिया-डीएपी ब्रिकेट 7 ते 10 सें.मी. खोल खोचावी.
• खालच्या खाचरात भात कापणीनंतर लगेच, ओल असतानाच हरभरा किंवा वाल पेरावा.

बियाणे खरेदीपूर्वी आपल्या खाचरांची वरून खाली अशी यादी करावी. त्यानुसारच प्रत्येक वाणाचे बियाणे आणावे.