शिकारींतील अपघात: कायदा आणि विमा

शिकारीचा विषय निघाला म्हणजे डोळ्यांपुढें मचाण, हाका आणि बंदूकधारी सरदार उभे राहतात. तो काळ केव्हांच गेला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी घातली. इतकेंच नव्हे, तर सापळा लावणें, फास टाकणें, विष घालणें याही गोष्टी शिकारींतच मोजल्या. तरी अपघात थांबलेले नाहींत. परभणीहून जिंतूरकडे जातांना लागणाऱ्या आमच्या झरीसारख्या शेतकरी गांवांना रानडुकरांचा उपद्रव कांहीं नवा नाहीं. अशा त्रासाला कंटाळून कोठें कोणी रात्रीं बंदूक घेऊन निघतो, कोठें कोणी कुंपणाच्या तारेंत वीज सोडतो. शहरांतील मंडळींनींही याकडे परक्याची गोष्ट म्हणून पाहूं नये. आपलें वडिलोपार्जित शेत गांवींच असतें, आणि सुट्टींत गेलेला आपलाच मुलगा सोबत्यांच्या आग्रहाखातर रात्रीं बाहेर पडतो.

2025 च्या जानेवारीअखेर पालघर जिल्ह्यांत, मनोरजवळील बोरशेतीच्या जंगलांत असाच प्रसंग घडला. रानडुकराच्या शिकारीस गेलेल्या गांवकऱ्यांपैकीं एकानें सावज समजून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडली. तो मरण पावला. सोबत्यांनीं पोलिसांस वर्दी देण्याऐवजीं प्रेत लपविलें. कांहीं दिवसांनीं गोष्ट उघडकीस आली व अटका झाल्या. अपघात हें दुर्दैव खरें. पण तो लपविणें हा स्वतंत्र अपराध आहे, आणि त्यानें मृताच्या बायकामुलांच्या हक्काचा पुरावाही नाहींसा होतो.

अशा प्रसंगीं तीन प्रश्न वेगवेगळे ओळखले पाहिजेत: शिक्षा कोणास, भरपाई कोणाकडून, आणि विम्याचा पैसा मिळेल कीं नाहीं.

पहिला प्रश्न शिक्षेचा. 1 जुलै 2024 पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या 106 व्या कलमाप्रमाणें निष्काळजीपणानें मृत्यू घडविणाऱ्यास पांच वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. पूर्वीच्या दंडसंहितेंत ही मर्यादा दोन वर्षांची होती. तारेंत वीज सोडणाऱ्यास मनुष्य मरूं शकतो याची जाणीव होती असें दिसल्यास सदोष मनुष्यवधाचें कलमही लागूं शकतें. शिवाय वन्यजीव कायदा आणि शस्त्रकायदा यांखालील अपराध निराळे.

दुसरा प्रश्न भरपाईचा. गुन्हेगारास शिक्षा झाली म्हणजे विधवेची चूल पेटत नाहीं. तिच्यासाठीं 1855 चा प्राणघातक अपघातांचा कायदा आहे. दुसऱ्याच्या दोषामुळें मनुष्य दगावल्यास त्याची पत्नी किंवा पती, आईबाप आणि मुलें यांच्यासाठीं दिवाणी दावा करतां येतो. आजीआजोबा व नातवंडेंही यांत येतात, भाऊबहीण येत नाहींत. दावा एकच करावयाचा असतो, म्हणून सर्व वारसांचीं नांवें त्यांत घालावीं. मुदत मृत्यूपासून दोन वर्षांची. फौजदारी खटल्याचा निकाल लागूं द्या मग पाहूं, असें म्हणत बसल्यास ही मुदत हातची जाते. मृत स्वतः बेकायदा शिकारींत सामील असेल, तर प्रतिपक्ष तें पुढें करणारच. वाटसरूच्या वारसांची बाजू अर्थातच बळकट. याखेरीज जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे पीडितांच्या साहाय्य योजनेखालीं अर्ज करतां येतो. स्त्रियांना आणि मुलांना तेथें उत्पन्न न पाहतां वकील विनामूल्य मिळतो.

तिसरा प्रश्न विम्याचा. सर्वांत अधिक गैरसमज येथेंच आहेत. आयुर्विमा आणि अपघात-विमा हे भिन्न करार आहेत. आयुर्विम्याची मूळ रक्कम सामान्यतः मृत्यू कोणत्याही कारणानें आला तरी मिळते, आणि विमा कायद्याच्या 45 व्या कलमान्वयें तीन वर्षांनंतर कंपनीला माहिती लपविल्याचा आक्षेप घेऊन करार मोडतां येत नाहीं. अपघाताबद्दलची जादा रक्कम मात्र अटींवर असते. आयुर्विमा महामंडळाच्या जुन्या अपघात-लाभाच्या कलमांत गिर्यारोहण आणि शर्यती यांच्या पंक्तीस शिकारही बसविलेली आहे. तींत आलेल्या मृत्यूबद्दल जादा रक्कम नाहीं. शेतकऱ्यांसाठीं राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाची योजना आहे. तींत अपघाती मृत्यूस 2 लाख रुपये मिळतात, पण गुन्ह्याच्या उद्देशानें कायदा मोडतांना झालेला अपघात तींत बसत नाहीं. सारांश, शेतांत पाणी देतांना चुकीची गोळी लागलेल्या शेतकऱ्याचे वारस पैसे मागूं शकतात. गोळी घेऊन शिकारीस निघालेल्याच्या वारसांस नकार मिळण्याचा संभव मोठा.

रानडुकरानेंच हल्ला केला तर गोष्ट निराळी. मग वनखात्याकडे जावें. राज्य सरकारनें 2023 मध्यें अशा मृत्यूसाठीं 25 लाख रुपयांचें साहाय्य ठरविलें. पिकाची नासाडी असह्य झाली असेल, तरीही मार्ग वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीचाच आहे.

जर्मनींत शिकारीचा परवाना मागणाऱ्यास आधीं इतरांच्या इजेबद्दलचा विमा दाखवावा लागतो. मनुष्याच्या इजेसाठीं निदान 5 लाख युरोंचा. म्हणजे गोळी चुकली तरी जखमी मनुष्य निराधार राहत नाहीं. आपल्याकडे शिकारच निषिद्ध असल्यानें चोरून मारलेल्या गोळीच्या पाठीशीं असा कोणताही विमा नसतो. भरपाई मारणाऱ्याच्या शेतींतून व घरांतून वसूल करावी लागते, आणि दोन कुटुंबें एकदम बुडतात.

म्हणून दुर्दैव ओढवलेंच तर प्रथम जखमीस दवाखान्यांत न्यावें, आणि त्याच दिवशीं पोलिसांत वर्दी द्यावी. पंचनामा, वर्दी आणि शवचिकित्सेचा अहवाल यांच्या नकला मागून घ्याव्या. विमा कंपनीस लेखी कळवावें व पोंच जपून ठेवावी. मुंडे योजनेचा अर्ज तालुका कृषि अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आंत द्यावा. कंपनीनें नकार दिल्यास तो लेखी घ्यावा. विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आंत विनाशुल्क तक्रार करतां येते, आणि ग्राहक आयोगाचें दारही दोन वर्षें उघडें असतें.

गांवांत अशा वेळीं "मिटवून टाकूं" म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा हेतु कदाचित् वाईट नसेल. परंतु ज्या घरांतला कर्ता पुरुष गेला, त्या घराला आधार देणारे सारे कागद त्या एका मिटवामिटवींत नाहींसे होतात. मृताच्या मुलाबाळांवर खरी दया असेल, तर पहिली वर्दी आपण होऊन द्यावी.