बिनचुलीचा पाहुणा

पावसाळा सुरू झाला की घरोघरी खोकला, शिंका नि तापाची हजेरी लागते. शेजारीपाजारी एकच बोलणं, "व्हायरल आहे हो!" हा शब्द आता आजीबाईंच्याही तोंडी बसला आहे. पण मैत्रिणींनो, हा विषाणू म्हणजे नेमकं काय प्रकरण आहे?

आपलं विरजणच घ्या ना. चमचाभर विरजण कोमट दुधात घातलं की रात्रीतून दही लागतं. ही करामत जिवाणूंची. ते जिवंत असतात, दुधातली साखर खातात आणि आपले आपण वाढतात. विषाणूला हे जमत नाही. प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेला आनुवंशिक मजकूर, एवढाच काय तो त्याचा संसार. त्याला स्वतःची चूलच नाही! आपल्या नाकाघशातल्या पेशीत शिरायचं आणि तिच्याच सामानावर स्वतःच्या असंख्य प्रती काढून घ्यायच्या, असा हा आयत्या बिळावरचा नागोबा.

अँटिबायोटिक गोळ्या घाव घालतात त्या जिवाणूच्या भिंतीवर, त्याच्या कारभारावर. विषाणूकडे यातलं काहीच नाही, मग गोळीने मारायचं काय? तरी आपण साध्या सर्दीलाही "जरा स्ट्राँग द्या हो डॉक्टर" म्हणून हटून बसतो. गरज असेल तर डॉक्टर स्वतःहून देतीलच. उरलेल्या जुन्या गोळ्या मात्र डब्यातून काढून मुलाला देऊ नयेत.

साबणाचं काम वेगळं. करोना, फ्लू यांच्या विषाणूंवर स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं. तुपकट पातेलं साबणाने सुटतं, तसं हे आवरणही सुटतं. म्हणून हात वीस सेकंद चोळायचे. दूषित पाण्यातून येणाऱ्या काविळीच्या विषाणूला असं आवरण नसतं. तो जास्त चिवट. तिथे हात धुवायचेच, शिवाय पाण्याला खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट तरी ते उकळू द्यायचं.

आता आपल्या नगर जिल्ह्यातलीच गोष्ट. हिवरे बाजार हे गाव पाण्याच्या कामासाठी नावाजलेलं. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तिथेही करोना शिरला, ४७ जण आजारी पडले. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने स्वयंसेवकांची पथकं केली. घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजायचा, आणि लक्षणं दिसली की तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता माणसाला वेगळं ठेवायचं. मे २०२१ च्या मध्याला गाव करोनामुक्त झालं.

यातली खरी युक्ती "वाट न पाहता" या शब्दांत आहे. करोनाची बाधा झालेला माणूस लक्षणं दिसायच्या आधी एकदोन दिवसांपासूनच दुसऱ्याला रोग देऊ लागतो. त्यात अहवाल येईपर्यंतचे दिवस गेले, की पाहुण्याला पुढची घरं मोकळीच!

आपल्या घरी मात्र नेमकं उलट चालतं. चाचणी परीक्षा बुडू नये म्हणून तापलेलं पोर शाळेत येतं. मी वर्गात हे नेहमी पाहते. आणि घरातल्या बाईला ताप आला तर ती तो सांगतच नाही. डोक्याला बाम चोळून ती पोळ्या लाटते, सगळ्यांना वाढते. तिने दोन दिवस पडून राहणं हे लाड नव्हेत, घराची राखण आहे. वरणभाताचा कुकर नवऱ्यालाही लावता येतो, बरं का!

दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आजाऱ्याला वेगळी खोली कुठून आणायची, असं तुम्ही म्हणाल. खाट उघड्या खिडकीशी ओढावी, तोंडाला मास्क, टॉवेल निराळा, म्हाताऱ्या माणसांनी दुसरीकडे निजावं. एवढंही पुष्कळ होतं.

ज्यांना लस आहे त्या रोगांत हयगय नको. २०२२ साली मुंबई, मालेगाव, भिवंडीत गोवराने पुन्हा डोकं वर काढलं. सरकारी दवाखान्यात गोवर-रुबेलाची लस फुकट मिळते: पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत.

तापात पेज, सरबत, पाणी थोडं थोडं देत राहावं. पॅरासिटॅमॉल डॉक्टरांना विचारून, मुलाच्या वजनाप्रमाणे. अ‍ॅस्पिरिन मुलांना मुळीच नको. मूल धापा टाकू लागलं, लघवी फार कमी झाली किंवा हाक मारूनही सुस्त पडून राहिलं, तर उजाडायची वाट न बघता दवाखाना गाठावा.