ऑपरेशनआधीची तहान आणि किडनी

मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरात पारा चाळिशीपार जातो. जालना, बीडकडून तिथल्या घाटी रुग्णालयात ऑपरेशनसाठी आलेल्या पेशंटला आदल्या रात्री घरचेच बजावतात, ‘बारानंतर पाण्याचा थेंबही घेऊ नका.’ आधीचे ऑपरेशन लांबले, की सकाळचा नंबर दुपारवर जातो आणि घसा बारा-चौदा तास कोरडा राहतो. एवढ्या तहानेने किडनी बिघडते का?

धडधाकट माणसाची किडनी हे निभावून नेते. दोन्ही किडन्या दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातले जेमतेम दीड-दोन लिटर लघवीवाटे सोडतात. पाणी कमी पडले, की मेंदूतून व्हॅसोप्रेसिन सुटते, लघवी गडद होते, पाणी वाचते. काळजी करायची ती सत्तरीतल्या, मधुमेह असलेल्या आणि गुडघेदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेणाऱ्या आजींची. शरीरातले पाणी घटले, की किडनीत रक्त आणणाऱ्या धमन्या आकसू लागतात. त्यांना मोकळे ठेवते ते प्रोस्टाग्लँडिन, आणि नेमके तेच ही गोळी अडवते. त्यात भुलीने रक्तदाब उतरला, तर गाळणीला रक्तच कमी पडते. किडनीने गाळून टाकायचे क्रिएटिनिन दोन दिवसांत रक्तात डेसिलिटरमागे 0.3 मिलिग्रॅमने वाढले, तरी डॉक्टर सावध होतात.

मग उपाशी ठेवतात कशासाठी? भुलीत पोटातले वर येऊन फुप्फुसात जाऊ नये म्हणून. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी 1946 मध्ये बाळंतिणींमधल्या अशा 66 घटना मांडल्या. त्यांतल्या दोघी दगावल्या, त्या घन अन्नाने श्वास कोंडून. पुढे रूढ झालेल्या सरसकट नियमात मात्र अन्नाबरोबर पाणीही बंद झाले. जोसेफ लिस्टर यांना आपण जंतुनाशक शस्त्रक्रियेसाठी ओळखतो; पण पोटात घन काही नको, दोन तास आधी कपभर चहा मात्र चांगलाच, हे त्यांनी 1883 मध्येच लिहून ठेवले होते! 1986 मध्ये कॅनडात रॉजर माल्टबी यांनी पेशंटना ऑपरेशनच्या दोन-तीन तास आधी 150 मिलिलिटर पाणी दिले, तरी जठरातला द्रव वाढला नाही. 1999 पासून अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांचा नियम हाच आहे: हलक्या खाण्यानंतर सहा तास, पाण्यानंतर दोन. आपला दुधाचा चहा मात्र खाण्यात मोडतो.

‘उपवासाने किडनी वाचते’ असेही अधूनमधून वाचायला मिळते. त्याचे मूळ 2010 च्या रॉटरडॅममधल्या प्रयोगात आहे. तीन दिवस उपाशी ठेवलेल्या उंदरांच्या किडन्या रक्तपुरवठा तोडल्यावरही बऱ्याच सावरल्या. पण त्या उंदरांना पाणी हवे तेवढे होते. पुढे जर्मनीत हृदयाच्या ऑपरेशनआधी आठवडाभर पेशंटचा आहार कमी करून पाहिला, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या क्रिएटिनिनमध्ये अपेक्षित फरक दिसला नाही.

म्हणून भूलतज्ज्ञांना दोन प्रश्न स्वतंत्र विचारा: शेवटचे खाणे कधी आणि शेवटचे पाणी कधी? गरोदर बाई, आतड्यात अडथळा असलेला किंवा जुना मधुमेह असलेला पेशंट यांच्यासाठी उत्तर वेगळे असू शकते. रोजच्या सगळ्या गोळ्याही भूलतज्ज्ञांना दाखवा. आणि नंबर पुढे गेला, तर पाण्याचे पुन्हा विचारा.