ध्यासाचें दान

मनुष्याला धीर आणि उत्साह देणारीं साधनें अनेक सांगितलीं जातात. सदुपदेश, ग्रंथवाचन, थोरांचीं चरित्रें हीं तर सर्वपरिचितच आहेत. परंतु या सर्वांहून प्रभावी साधन म्हणजे ज्याला कसला तरी खरा ध्यास लागला आहे अशा माणसाचा सहवास. या सहवासांत एक धोकाहि असतो. दुसऱ्याच्या तेजानें दिपून मनुष्य कधीं कधीं त्याची केवळ नक्कल होऊन बसतो. प्रेरणा कोणती आणि अनुकरण कोणतें, हें ओळखावें कसें? रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या घराचा इतिहास या प्रश्नावर चांगला प्रकाश पाडतो.

टिळक स्वतः दुसऱ्यांच्या दानावरच वाढले होते. नागपूरहून राजनांदगांवकडे जातांना आगगाडींत एका युरोपीय सहप्रवाशानें त्यांच्या हातीं नवा करार दिला. वाचन गिरिप्रवचनापर्यंत येतांच त्या शब्दांनीं त्यांचें मन जिंकलें, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजीं मुंबईंत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तथापि त्यांच्या मनाची मशागत तुकोबांच्या अभंगांनीं आधींच केलेली होती. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोंचलों, असें ते सांगत. म्हणूनच धर्मांतरानंतरहि अभंग, भजन आणि कीर्तन यांना ते अंतरले नाहींत. मराठी ख्रिस्ती उपासनेंत तोंवर इंग्रजी गीतांच्या भाषांतरांचाच भरणा फार असे. तेथें त्यांनीं अस्सल मराठी वळणाचीं पदें आणलीं.

हाच ध्यास घरांत मात्र प्रथम वज्राघातासारखा कोसळला. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालीं नाशिकजवळच्या जलालपूर येथें, अत्यंत कडक सोंवळें पाळणाऱ्या घरीं झालेला. पति हयात असतां त्यांना त्याच्यापासून दूर राहावें लागलें. आप्तांचें दुःख पाहावें लागलें आणि लोकांचे बोल सोसावे लागले. पुढें त्या टिळकांजवळ राहावयास आल्या, तरी आरंभीं त्यांचें सोंवळें निराळेंच होतें. टिळकांच्या श्रद्धेची ऊब त्यांना रोज लागत होती. पण त्या श्रद्धेपुढें त्यांनीं आपली विचारशक्ति गहाण टाकली नाहीं. जातिभेद देवानें केला नसून माणसानें केला आहे, हें त्यांना स्वतःच्या विचारानेंच पटलें. आधीं आचार बदलला आणि मग, 1900 सालीं, त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. हीं पांच वर्षें व्यर्थ गेलीं नाहींत. दुसऱ्याकडून आलेला प्रकाश आपलासा होण्यास तेवढा काळ लागला.

या घराची ऊब घरच्या माणसांपुरतीच राहिली नाहीं. 1907 सालीं जळगांव येथें पहिलें मराठी कविसंमेलन भरलें. डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे अध्यक्ष होते. त्र्यंबक बापूजी ठोमरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची कविता तेथें सर्वांच्या मनांत भरली व त्याला ‘बालकवि’ ही पदवी मिळाली. पुढें अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, तो टिळकांच्या घरीं राहिला आणि लक्ष्मीबाईंनीं त्याला पुत्रवत् वागविलें. घर ख्रिस्ती, मुलगा हिंदु. त्या काळीं ही गोष्ट लहान नव्हती. मुलगा आपल्या धर्मांतच राहिला आणि कविताहि त्यानें आपलीच लिहिली. टिळकांच्या कवितेंत फुलामुलांमागें देवाचा हात दिसतो; ‘औदुंबर’ आणि ‘फुलराणी’ यांच्या कर्त्यापाशीं सृष्टीच बोलूं लागते. 1918 सालीं भादली स्थानकाजवळ आगगाडीच्या अपघातांत, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, त्याचा अंत झाला.

1919 च्या मे महिन्यांत टिळकहि निवर्तले. ‘ख्रिस्तायन’ हें त्यांचें महाकाव्य अपुरें राहिलें. थोडेच अध्याय लिहून झाले होते. शाळेचें तोंड न पाहिलेल्या आणि टिळकांकडूनच वाचावयास शिकलेल्या लक्ष्मीबाईंनीं आणखी साठांहून अधिक अध्याय रचून तें पुरें केलें. याहून मोठें नवल ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथाचें. 1934 पासून तो भागशः प्रसिद्ध झाला. त्यांत टिळकांची भक्ति आहे, तसाच त्यांचा तापटपणा, उधळपणा आणि विसराळूपणाहि आहे, आणि तो सारा हंसत हंसत सांगितला आहे. ज्याच्यापासून प्रेरणा घ्यावयाची तो निर्दोष असावा लागत नाहीं, हें या ग्रंथाइतकें गोडीनें क्वचितच कोणीं दाखविलें असेल.

टिळकांच्या सहवासांत एक व्यक्ति ख्रिस्ती झाली, दुसरी झाली नाहीं. आणि दोघांपैकीं कोणाचेंहि लेखन टिळकांच्या लेखनासारखें झालें नाहीं. दोघांनाहि आपापलें बळ मात्र सांपडलें. प्रेरणेची खूण ती हीच. ज्या घरांतील वडील माणसांना कशाची तरी खरी ओढ आहे, मग ती काव्याची असो, देवाची असो वा रोग्यांच्या सेवेची असो, आणि ती दुसऱ्यावर न लादण्याचा संयमहि ज्यांच्यापाशीं आहे, त्या घरांतील मुलांना उत्साहाचे पाठ निराळे द्यावे लागत नाहींत.