उतरवून घेतलेल्या कार्यप्रणालीची पडताळणी : अखंडता आणि अधिकृतता

संगणकाच्या कार्यप्रणालीची नवी आवृत्ती बसविण्याचा प्रयत्न एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा निष्फळ झाला आणि पडद्यावर 'प्रत सदोष आहे' अशा आशयाचा संदेश उमटला, की वापरणारा सामान्यतः एकच उपाय करतो : पाचसहा गिगाबाइटांची ती फाइल पुन्हा उतरवून घेणे. हा उपाय कधी लागू पडतो, कधी पडत नाही. परंतु लागू पडला तरी दोष नेमका कशात होता याचा उलगडा होत नाही. वस्तुतः अशा प्रसंगी दोन भिन्न प्रश्न उपस्थित होतात. हाती आलेली फाइल मूळ फाइलीशी बिटागणिक समान आहे काय, हा पहिला. आणि ती मूळ फाइल खरोखरच निर्मात्याची आहे काय, हा दुसरा. पहिला अखंडतेचा, दुसरा अधिकृततेचा. या दोहोंची गल्लत हेच या विषयातील बहुतेक घोटाळ्यांचे मूळ होय.

अखंडतेची कसोटी हॅश-फलनावर आधारलेली आहे. कितीही मोठी फाइल या फलनाला दिली असता ठराविक लांबीची एक संख्या मिळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००२ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारलेल्या एसएचए-२५६ या फलनाच्या बाबतीत ती २५६ बिटांची, म्हणजे षोडशमान पद्धतीने लिहिल्यास ६४ अंकांची असते. फाइलीतील एकच बिट पालटला तरी या संख्येतील सुमारे निम्मे बिट पालटतात. विंडोजमधील सर्टयुटिल, मॅकओएसमधील शासम अथवा लिनक्समधील एसएचए२५६सम या आज्ञेने ही संख्या काढावयाची आणि निर्मात्याने प्रसिद्ध केलेल्या संख्येशी ताडून पाहावयाची, एवढाच हा विधी आहे. ताडताना आरंभीचे चार व शेवटचे चार अंक पाहून समाधान मानण्याची रीत मात्र त्याज्य समजली पाहिजे. आठ अंक म्हणजे केवळ ३२ बिट. सुमारे ४२९ कोटी प्रयत्नांत तेवढे जुळवून आणणे आजच्या साध्या संगणकालाही अवघड नाही.

संख्या जुळली नाही तर प्रथम फाइलीची लांबी पाहावी. ती कमी भरल्यास उतरवण्याचे काम मध्येच खंडित झाले, हे उघड आहे. लांबी बरोबर असूनही संख्या भिन्न आली, तर त्याच फाइलीची संख्या पुन्हा एकदा काढावी. दोन खेपांना दोन निरनिराळी उत्तरे आली, तर संशय फाइलीवर नव्हे, त्या संगणकाच्या स्मृतीवर अथवा तबकडीवर घ्यावा लागतो. तशा यंत्रावर तीच फाइल दहा वेळा उतरवूनही काही साधत नाही. आजच्या कूटबद्ध जोडणीत प्रवासात झालेला बिघाड बहुधा आपोआप पकडला जातो. म्हणून जाळ्याला दोष देण्यापूर्वी आपले यंत्र तपासणे अधिक श्रेयस्कर. शिवाय ही पडताळणी तबकडीवरील फाइलीची असते. तिच्यावरून पेनड्राइव्हवर लिहिलेली प्रत शाबूत आहे असे सिद्ध होत नाही. ती निराळी तपासावी लागते.

अधिकृततेचा प्रश्न किती वास्तव आहे हे २० फेब्रुवारी २०१६ रोजी दिसून आले. लिनक्स मिंट या कार्यप्रणालीच्या संकेतस्थळात हल्लेखोराने प्रवेश मिळवला आणि १७.३ या आवृत्तीच्या सिनॅमन प्रकाराचा दुवा बल्गेरियातील एका संगणकाकडे वळवला. तेथील फाइलीत मूळ प्रणालीबरोबर 'त्सुनामी' नावाची चोरवाट दडवलेली होती. विशेष हे, की अशी प्रत बसवताना काहीच बिघडत नाही. यंत्र निमूटपणे परक्याच्या ताब्यात जाते. संकेतस्थळावर छापलेली पडताळणीची संख्याही आपण बदलली होती, असे हल्लेखोराने पुढे सांगितले. ते खरे धरल्यास, दक्षतेने ६४ अंक ताडणाऱ्याचीही तेथे फसगतच झाली असती.

यावरील उपाय म्हणजे डिजिटल स्वाक्षरी. निर्माता आपल्याजवळील खाजगी किल्लीने संख्यांच्या यादीवर स्वाक्षरी करतो. सार्वजनिक किल्लीने ती कोणासही तपासता येते, परंतु खाजगी किल्लीवाचून निर्माण करता येत नाही. उबुंटूच्या आवृत्तीबरोबर संख्यांची यादी आणि त्या यादीची स्वाक्षरी अशा दोन लहान फाइली ठेवलेल्या असतात, त्या याच हेतूने. मराठेशाहीतील पत्रांच्या शिरोभागी शिक्का आणि अखेरीस मोर्तब असे. शिक्क्याने पत्र कोणाचे ते कळे, मोर्तबाने मजकुराची सीमा ठरे. तथापि सार्वजनिक किल्लीही त्याच संशयित संकेतस्थळावरून घेतली, तर अडचण जागच्या जागी राहते. ती अन्य मार्गाने यावी लागते. चालू असलेल्या जुन्या उबुंटूत ती आधीपासूनच असते.

उलटपक्षी, निर्दोष फाइलही स्वाक्षरीच्या कारणाने नाकारली जाऊ शकते. ॲपलच्या स्वाक्षरीमागील एका प्रमाणपत्राची मुदत २४ ऑक्टोबर २०१९ रोजी संपली, आणि त्यापूर्वी उतरवून जपून ठेवलेल्या मॅकओएसच्या कित्येक प्रती 'ही प्रत बिघडलेली आहे' असे सांगून चालेनाशा झाल्या. त्यांतील एकही बिट पालटलेला नव्हता. नव्या प्रमाणपत्राची प्रत घेणे हा त्यावरील सरळ उपाय. संगणकाचे घड्याळ मागे नेऊनही अनेकांनी काम भागवले. मुदत संपणे आणि मजकूर बिघडणे या दोहोंना एकच शब्द योजणारा तो संदेश दिशाभूल करणारा होता, असेच म्हणावे लागेल.

संख्या जुळली, स्वाक्षरी खरी ठरली, पेनड्राइव्हही निर्दोष निघाला आणि तरीही उन्नयन फसते, तेव्हा फाइलीचा नाद सोडून यंत्राकडे वळावे. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा अधिकृतपणे आवश्यक असून, ती नसलेल्या यंत्रावर नवी फाइल उतरवून उपयोग नाही. अपुरी जागा आणि जुने ड्रायव्हर हीही नेहमीची कारणे आहेत. विंडोज अशा अपयशाची तपशीलवार नोंद 'पँथर' नावाच्या फोल्डरात लिहून ठेवते. नोंदीची भाषा रूक्ष असली, तरी प्रयत्न कोणत्या टप्प्यावर थांबला हे तिच्यावरून समजते.