'थंड रक्त' म्हणजे नेमकं काय? जांब समर्थच्या शिवारातला साप, बेडूक आणि मासा समजून घ्या

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ महाराष्ट्राला माहीत आहे ते समर्थ रामदासांचं जन्मगाव म्हणून. १६०८ साली रामनवमीला समर्थांचा जन्म इथे झाला. गावाभोवतीचं शिवार मात्र मराठवाड्यातल्या इतर गावांसारखंच आहे. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर आणि पाणी असेल तिथे ऊस.

उन्हाळ्यात या काळ्या जमिनीला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. मग मृगाचा पाऊस येतो आणि एका रात्रीत बेडकांचा गोंगाट सुरू होतो. ओढ्यात मासे दिसू लागतात, बांधावर साप दिसतो. इतके महिने हे सगळे होते कुठे?

त्याचं उत्तर शाळेत सगळ्यांनी पाठ केलेल्या एका शब्दात आहे: शीतरक्ती, म्हणजे थंड रक्ताचे. शब्द पाठ असतो, पण त्याचा अर्थ बरेच जण चुकीचा धरतात.

रक्त खरंच थंड असतं का?

नाही. उन्हात पडलेल्या सरड्याचं रक्त आपल्याइतकंच गरम असू शकतं. फरक आहे तो उष्णता कुठून येते याचा.

माणूस, गाय, चिमणी हे प्राणी उष्णता शरीरातच तयार करतात. थंडी असो की ऊन, आपलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राहतं. त्यासाठी खाल्लेल्या अन्नाचा मोठा हिस्सा खर्ची पडतो.

मासे, उभयचर आणि सरीसृप या तिन्ही गटांना पाठीचा कणा आहे, म्हणजे ते आपल्यासारखेच कणा असलेले प्राणी. पण त्यांच्यातले जवळजवळ सगळे उष्णता बाहेरून उसनी घेतात. ऊन, तापलेला दगड, पाणी, माती हीच त्यांची शेगडी.

याचा फायदा मोठा आहे. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात सरीसृपाचं भागतं. म्हणूनच साप एकदा पोटभर खाल्ल्यावर कित्येक दिवस उपाशी राहू शकतो.

तोटाही तेवढाच मोठा. गारठा वाढला की शरीर मंदावतं आणि ऊन जास्त झालं की जीव जातो, कारण आपल्यासारखा घाम गाळून अंग गार करण्याची सोय त्यांच्याकडे नाही. त्यामुळे दिवसभर ऊन आणि सावली यांत जागा बदलत राहणं हेच त्यांचं काम.

मासा: पाणी तापलं की दम लागतो

माशाला कल्ले असतात, अंगावर बहुधा खवले असतात आणि हृदय दोन कप्प्यांचं असतं. पाण्याचं तापमान तेच त्याच्या शरीराचं तापमान.

शेततळ्यात रोहू, कटला पाळणाऱ्यांसाठी ही गोष्ट कामाची आहे. २० अंशांच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. दुसरीकडे पाणी तापलं की माशाचं शरीर वेगाने चालतं आणि त्याला जास्त ऑक्सिजन लागतो. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो.

रात्री शेवाळही ऑक्सिजन वापरतं, त्यामुळे पहाटे तो सगळ्यांत कमी असतो. उन्हाळ्यात पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर ताजं पाणी सोडणं किंवा पंपाने पाणी खळबळवणं हा तातडीचा उपाय. मरळ मात्र अशा पाण्यातही तग धरतो, कारण तो वर येऊन हवेतला ऑक्सिजन घेऊ शकतो.

बेडूक: कातडीनेही श्वास घेणारा

बेडूक उभयचर, म्हणजे पाणी आणि जमीन दोन्हीकडे राहणारा. पिल्लू कल्ल्यांनी श्वास घेतं. मोठा बेडूक फुफ्फुसांनी आणि ओल्या कातडीनेही घेतो. त्याचं हृदय तीन कप्प्यांचं.

ही ओली कातडी सुकली की बेडूक संपला. म्हणून चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात अनेक बेडूक ओलसर मातीत, चिखलाखाली जाऊन शरीराचा वेग अगदी कमी करतात आणि पावसाची वाट बघत पडून राहतात. पहिल्या पावसानंतर डबक्यात पिवळेधमक बेडूक दिसतात ते भारतीय बैलबेडकाचे नर. हा रंग विणीच्या दिवसांपुरताच असतो. अंड्यांना कवच नसतं, म्हणून ती पाण्यातच घालावी लागतात.

बेडूक पिकावरचे किडे खातो. पूर्वी बेडकांचे पाय परदेशात पाठवण्यासाठी त्यांची मोठ्या प्रमाणात धरपकड होत असे. १९८७ मध्ये भारताने ही निर्यात बंद केली.

साप: उन्हाच्या वेळापत्रकाने चालणारा

साप, पाल, घोरपड, कासव, मगर हे सगळे सरीसृप. कातडी कोरडी आणि खवल्यांची, श्वास फक्त फुफ्फुसांनी. अंड्यांना कवच असल्यामुळे ती जमिनीवर घालता येतात. घोणस मात्र थेट पिल्लांना जन्म देते. बहुतेकांचं हृदय तीन कप्प्यांचं, मगरीचं मात्र चार कप्प्यांचं.

साप कधी आणि कुठे भेटेल हे बऱ्याच अंशी तापमान ठरवतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा असतो, म्हणून सकाळी घोणस बांधावर किंवा दगडाच्या ढिगाजवळ उन्हात पडलेली दिसते. अनेकांना ती अजगराचं पिल्लू वाटते. ती सुस्त दिसली तरी डिवचल्यावर झडप घालू शकते.

उन्हाळ्यात हेच उलटं होतं. दिवसा जमीन भाजत असते, म्हणून साप भेगांत आणि उंदरांच्या बिळांत दडतात आणि अंधार पडल्यावर फिरतात. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरतं, बेडूक-उंदीर बाहेर येतात आणि त्यांच्यामागे सापही येतात.

धोका कुठे आहे?

शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत मिळते. शेतकरी बारे द्यायला निघतो त्याच वेळी साप शिकारीला निघालेला असतो.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले आणि बहुतेक ग्रामीण भागातले. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला.

महाराष्ट्रात बहुतेक जीवघेणे दंश नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे. भारतात मिळणारं प्रतिसर्पविष या चौघांच्या विषावर चालतं.

मग करायचं काय?

रात्री शेतात जाताना बॅटरी, गमबूट आणि काठी हवीच. पाय टाकण्याआधी उजेड टाका. कडब्याच्या गंजीत किंवा दगडांच्या फटीत थेट हात घालू नका. मण्यार रात्री फिरतो आणि भक्ष्याच्या मागे घरातही शिरतो, म्हणून जमिनीऐवजी खाटेवर, मच्छरदाणी लावून झोपा.

दंश झाला तर माणसाला धीर द्या. हातातली अंगठी, कडं काढा. दंश झालेला भाग फळी बांधून स्थिर ठेवा, पण दोरीने आवळू नका. जखम कापू नका, विष चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा.

मण्याराचा दंश अनेकदा दुखतही नाही. रात्री झोपलेल्या माणसाच्या पोटात पहाटे अचानक कळा येऊ लागल्या आणि पापण्या जड झाल्या, तर अंगावर खूण दिसो वा न दिसो, त्याला लगेच दवाखान्यात न्या.